दुरून चालवायची दुर्बीण: कमी खर्चात, पण भरवशाची

दुरून चालवायची दुर्बीण उभारताना बहुतेक जण आधी व्यास ठरवतात आणि उरलेल्या पैशांत माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यामागे फिरवणारा आधार, बसवतात. हा हिशेब उलटा मांडावा, असे माझे ठाम मत आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. ८० मिमी व्यासाच्या आणि ४०० मिमी नाभीय अंतराच्या अपवर्तक (भिंगाच्या) दुर्बिणीला ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला, तर एका पिक्सेलवर साधारण १.९ विकला येतात. म्हणजे माउंट थांबले की तारा दर सेकंदाला जवळजवळ आठ पिक्सेल पुढे निघून जातो. म्हणून दुर्बीण लहान घ्यावी आणि तिचा भार सहज पेलणारे, संगणकाने चालणारे इक्वेटोरियल (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणारे) माउंट घ्यावे. चांगल्या स्थितीतले वापरलेले असले तरी चालेल.

संगणक म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक पुरतो. तो दुर्बिणीलाच बांधावा, म्हणजे यूएसबी केबल आखूड राहतात. त्यावर उपकरणांशी बोलणारी इंडी ही मुक्त प्रणाली आणि केस्टार्स या तारानकाशाच्या सॉफ्टवेअरमधील एकोस हा नियंत्रण-विभाग चालवले की माउंट, कॅमेरा आणि फोकसर (फोकस जुळवणारा भाग) एकाच ठिकाणाहून हाताळता येतात. वेळेकडे मात्र लक्ष द्यावे. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, आणि वेळ चार मिनिटांनी चुकली तर दुर्बीण सुमारे एक अंश बाजूला जाते. ही चूक प्लेट सॉल्व्हिंगने सुधारते: कॅमेरा एक छायाचित्र घेतो, सॉफ्टवेअर त्यातील ताऱ्यांची मांडणी नकाशाशी जुळवते आणि माउंटला नेमके ठिकाण कळते. तापमान उतरले की फोकस हलतो, त्यामुळे मोटरचा फोकसर ही चैन नव्हे, गरज आहे. दवासाठी भिंगाभोवती गरम पट्टा बांधावा.

खरा त्रास केबल देतात. तारा याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना माउंट दुर्बिणीला दुसऱ्या बाजूला पलटवते. त्या वेळी लोंबणारी कॅमेऱ्याची केबल एखाद्या स्क्रूच्या डोक्यात अडकते, ताणली जाते आणि कनेक्टर अर्धा बाहेर येतो. कॅमेरा गप्प होतो, आणि तुम्ही मैलोन् मैल दूर असता. म्हणून दिवसा, दुर्बिणीच्या तोंडावर झाकण ठेवून, माउंट सर्व दिशांना सावकाश फिरवावे आणि प्रत्येक केबल कुठे घासते ते जवळून पाहावे. प्रत्येक उपकरणाचा वीजपुरवठा स्वतंत्र रिलेवर (दुरून चालू-बंद करता येणाऱ्या विजेच्या स्विचवर) घ्यावा. गोठलेला कॅमेरा बहुधा वीज बंद-चालू केल्यानेच शुद्धीवर येतो.

दुर्बिणीवरचे सरकते छप्पर बंद करण्याचा निर्णय इंटरनेटवर सोपवू नये. पावसाचा सेन्सर थेट छपराच्या नियंत्रकाला जोडावा, छपराची मोटर बॅटरीवर चालावी आणि दुर्बीण खाली वळून पार्क झाल्याचे लिमिट स्विचने (ठरलेल्या जागी पोहोचल्यावर दाबल्या जाणाऱ्या स्विचने) सांगितल्याखेरीज छप्पर हलू नये. छप्पर पुरेसे उंच ठेवता आले आणि ते कोणत्याही स्थितीतल्या दुर्बिणीवरून सरकू शकले, तर ही अटही लागत नाही. मी तरी तेच करण्याचा आग्रह धरीन. बाहेरून जोडणीसाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी वाट, वापरावे, राउटरचे पोर्ट उघडे टाकू नयेत.

सारे जुळल्यावर लगेच दूर नेऊ नये. महिनाभर शेजारच्या खोलीतून दुर्बीण चालवावी आणि ज्या ज्या कारणासाठी उठून जावे लागले, ते वहीत लिहून ठेवावे. वहीचे पान सलग आठ रात्री कोरे राहिले, की एका रात्री छायाचित्रण चालू असतानाच इंटरनेटची केबल काढावी आणि छप्पर आपोआप बंद होते का, ते शेजारी उभे राहून पाहावे.