मार्गदर्शक प्राणी कसा ओळखावा

पंचवटीतील कपालेश्वर मंदिरात महादेवासमोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याची वाट एका नंदीनेच शंकराला रामकुंडावर दाखवली, तेव्हा शंकराने त्याला गुरू मानले आणि गुरूने आपल्यापुढे बसू नये म्हणून त्याला समोरून उठवले, अशी कथा तेथे सांगतात. आधुनिक पेगन, म्हणजे जुन्या निसर्गपूजेवर आधारलेल्या पाश्चात्त्य साधनेतील मार्गदर्शक प्राण्याची कल्पना कोणी विचारली की मी आधी हीच कथा सांगते, कारण प्राणी शिकवतो आणि माणसाने त्याच्याकडून शिकायचे असते, हा त्या साधनेचा गाभा नाशिककराला तिच्यातून लगेच उमगतो.

इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यानंतर जेराल्ड गार्डनर यांच्यामुळे विक्का हा निसर्गपूजक पंथ लोकांसमोर आला. प्राण्यांच्या भेटीसाठी डफाच्या ठेक्यावर ध्यान करण्याची जी रीत आज अनेक पेगन साधक पाळतात, ती मात्र मुख्यतः मायकेल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९८० पासून लोकप्रिय केली. तिच्यासोबत सर्रास वापरला जाणारा ‘टोटेम’ हा शब्द उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे लोकांच्या कुळवाचक शब्दावरून आला आहे, आणि तो आपण स्वतःसाठी वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे लग्नात देवक बसवतात. ते कुळाचे असते, वाडवडिलांकडून येते आणि एकाच देवकाच्या घरांत परंपरेने सोयरीक होत नाही. ज्याप्रमाणे कोणी परका मनाला आवडले म्हणून आपले देवक उचलून नेऊ शकत नाही, त्याचप्रमाणे आपणही दुसऱ्याचे कुळचिन्ह घेऊ नये. व्यक्तीला साथ देणारा तो मार्गदर्शक प्राणी, एवढा शब्द पुरेसा आहे.

सुरुवात ध्यानाने करू नका, पाहण्याने करा. मी स्वतः पहिल्या वर्षी, कोणत्या प्राण्याचा काय अर्थ ते सांगणाऱ्या एका तयार परदेशी तक्त्यावरून लांडगा निवडला होता; प्रत्यक्षात मी लांडगा कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे वर्षभर माझ्या मनात केवळ चित्रेच फिरत राहिली. म्हणून घराजवळची एकच जागा ठरवा. गोदाकाठ, पांडवलेण्यांची पायवाट, गंगापूर धरणाचे पाणी, अगदी गच्चीही चालेल. महिनाभर रोज सूर्योदयाच्या सुमारास अर्धा तास तेथे शांत बसा आणि कोणता प्राणी आला, काय करत होता, केव्हा गेला, एवढेच वहीत टिपा; अर्थ मात्र लिहू नका. ज्यांना शक्य आहे त्यांनी हिवाळ्यात एकदा निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे हे पाणपक्ष्यांचे ठिकाण महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झाले आणि एका सकाळीत तेथे जेवढे पाहायला मिळते तेवढे शहरात महिनाभरातही मिळत नाही.

माझा पाणकावळा मला तेथेच भेटला. बुडी मारून वर आल्यावर तो पाण्यातल्या एका वाळलेल्या खुंटावर चढला, दोन्ही पंख पूर्ण पसरले आणि उन्हाकडे पाठ करून बराच वेळ तसाच उभा राहिला. पंखांच्या टोकांवरून पाणी थेंबथेंब गळत होते. त्याची पिसे बदकाच्या पिसांसारखी पाणी झटकून टाकत नाहीत. ती भिजतात, म्हणूनच त्याला खोल बुडणे सोपे जाते आणि म्हणूनच नंतर वाळत थांबावे लागते. खोलवर जाणाऱ्याला थांबणे चुकत नाही, हा अर्थ मला कोणत्याही पुस्तकाने दिला नाही, त्याच्या पंखांनी दिला. प्रतीक असे प्राण्याच्या वागण्यातून काढावे.

परदेशी तक्ते येथेच फसवतात. ग्रीक परंपरेत घुबड अथेनाचे, म्हणून ज्ञानाचे. आपल्याकडे तेच घुबड बंगालात लक्ष्मीचे वाहन आणि आपल्या अनेक घरांत अपशकुनी. नॉर्स, म्हणजे प्राचीन उत्तर युरोपातील देव ओडिनचे दोन पक्षी, विचार आणि स्मृती यांची नावे असलेले, हे रॅव्हन नावाचे उत्तरेकडील मोठे काळे पक्षी आहेत. रामकुंडावर पिंडाला शिवण्यासाठी ज्याची वाट पाहतात तो आपला कावळा वेगळा, आणि त्याच्या मागे पितरांचा सारा भार आहे. ज्या घरात दशक्रियेला कावळा न शिवल्याने माणसे तासभर हात जोडून उभी राहिली आहेत, तेथे कावळ्याचा अर्थ ओडिनकडून आणता येत नाही. दोन्ही अर्थ वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहा. त्यांची खिचडी करू नका.

महिना संपल्यावर ध्यानाला बसा. सेकंदाला साधारण चार ठोके पडतील असा डफाचा एकसुरी ठेका पंधरा मिनिटे कोणाकडून वाजवून घ्या, किंवा ध्वनिमुद्रण लावा. डोळे मिटून ओळखीच्या एखाद्या बारवेच्या पायऱ्या मनाने उतरा, तळाच्या कमानीतून पुढे जा आणि जो प्राणी तीन-चार वेळा निरनिराळ्या बाजूंनी दिसेल त्याला नम्रपणे विचारा. ठेका जलद झाला की त्याच पायऱ्यांनी परत या आणि बोलण्याआधी सारे लिहून काढा. मिळालेला संदेश जर कोणाला दोष देणारा, भीती घालणारा किंवा औषधोपचार थांबवायला सांगणारा असेल, तर तो मार्गदर्शकाचा नाही असे समजून सोडून द्या. मन आधीच अस्वस्थ असेल, आवाज ऐकू येत असतील, तर हा भाग करू नये आणि डॉक्टरांना भेटावे.

वेदीवर ठेवायला चित्र, मातीची मूर्ती किंवा नदीतला गोटा पुरे. वाघनखे, बिबट्याचे दात, घुबडाचे अवयव हे विकत घेणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्याच्याकडून शिकायचे त्याला मारून आणलेली वस्तू पूजेत ठेवणे हा द्रोह आहे. पोपट पिंजऱ्यात ठेवण्यालाही हेच लागू पडते.

गुरुदक्षिणा मात्र द्यावी. माझ्या गच्चीवर उन्हाळ्यात पाण्याचे मातीचे पसरट भांडे असते, आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी काठीला आकडा बांधून गल्लीतल्या झाडांवर अडकलेला मांजा काढते. नायलॉनचा दोरा तुटत नाही, म्हणून तो गुंडाळून कात्रीने बारीक कापावा आणि मगच कचऱ्यात टाकावा.