गणपतीच्या नाटकात सगळ्यांना घ्यायचं तर

इंदूरच्या आमच्या मंडळात गणपतीच्या दिवसांत एकांकिका होतेच, आणि ती बसवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आधी अपंग मंडळींसाठी आम्ही काय करायचो? पुढच्या रांगेत खुर्च्या राखायच्या, शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ द्यायचं, झालं. मग कॉलनीतली एक ताई, तिला दिसत नाही, मला म्हणाली, "काकू, नारळ तीन झाले घरी. एखादं काम द्या की."

अपंग मंडळींना नाटकात कसं घेता, असं दुसऱ्या मंडळांनी विचारलं म्हणून हे लिहिते आहे.

विचारायचं ते श्रावणात नाही, दोन महिने आधी. आणि विचारायचं त्या माणसालाच, शेजारी बसलेल्या त्याच्या आईला नाही. "तुम्हाला काय करायचंय?" असं सरळ. सगळ्यांना रंगमंचावर जायची हौस नसते. चाकाच्या खुर्चीवरचे आमचे एक काका प्रॉम्प्टिंग करतात, आणि कुणी वाक्य खाल्लं की इतक्या जोरात खाकरतात की तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातं. तालमीला येण्या-जाण्याचा रिक्षाखर्च मंडळाच्या हिशेबात आधीच धरा. कितीतरी माणसं याच कारणाने यायचं बंद करतात आणि संकोचाने सांगत नाहीत.

सभागृह ठरवण्याआधी टेप घेऊन जा. दरवाजा ९० सेंटीमीटर तरी मोकळा हवा, आणि प्रसाधनगृहाचाही मोजा, तो सगळे विसरतात. रॅम्पचा हिशेब असा : एक फूट चढायला बारा फूट लांबी. आमचा मंच अडीच फूट उंच, म्हणजे तीस फुटांचा रॅम्प. एवढी जागा कुठून आणणार? एका वर्षी चार पोरांनी काकांना खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. काका तेव्हा काही बोलले नाहीत. घरी जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी ट्रकवर सामान चढवतात ना, तशी पावतीही फाडा." तेव्हापासून आम्ही नाटकच खाली आणलं. मंच रिकामा, खेळ जमिनीवर, प्रेक्षक तिन्ही बाजूंनी. खरं सांगू, नाटकही जास्त रंगतं. सभागृहवाला फारच अडून बसला तर २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातलं २९ वं कलम दाखवा. सांस्कृतिक जीवनात बरोबरीने भाग घेण्याचा हक्क जपण्याची जबाबदारी त्यात सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. खासगी हॉलवाल्याचं त्याने लगेच मन वळेल असं नाही, पण पालिकेच्या हॉलमध्ये बोलायला आधार मिळतो.

ताईकडून मी सगळ्यात जास्त शिकले. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने तिला संहिता पाठवली, तर तिचा मोबाइल ती काहीच्या काही वाचू लागला. आमची फाइल जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. मोबाइल वाचून दाखवतो तो युनिकोड मजकूर, म्हणजे मोबाइलवर आपण नेहमी मराठी टाइप करतो तसा. कागदाच्या फोटोवरही भरवसा ठेवू नका. म्हणून संहिता युनिकोडमध्ये टाइप करा. शिवाय सगळी वाक्यं एकाच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि तिच्या वाक्यांच्या जागी तेवढी शांतता सोडा. पाठांतर भराभर होतं.

खेळायच्या जागेच्या कडेपासून दोन फूट आत, सतरंजीखाली जाड सुतळी चिकटवा. पायाला लागली की कळतं, पुढे जायचं नाही. खुर्ची-टेबल पहिल्या तालमीला जिथे, तिथेच शेवटपर्यंत. आमच्या नेपथ्यवाल्या दादांनी "जरा बरं दिसतं" म्हणून टेबल वीतभर सरकवलं आणि ताईचा गुडघा फुटला. इशारे आवाजाचे ठेवा : कप बशीवर ठेवल्याचा, बांगड्यांचा. आणि तिला दंडाला धरून ओढू नका. तुमचा कोपर पुढे करा, ती धरते.

ऐकू न येणाऱ्यांचं वेगळं. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, मराठी वाक्य शब्दाला शब्द हातांवर उतरत नाही. म्हणून दुभाष्याला संहिता निदान पंधरा दिवस आधी द्या, आणि त्याला कोपऱ्यात नाही, पात्रांजवळ उजेडात उभं करा. मध्येच दिवे घालवून काळोख करणं ही आमच्या नाटकवाल्यांची आवडती युक्ती, पण काळोख झाला की संवाद संपला. लेझीमला दोन बधिर मुलं आहेत. लाकडी फळ्यांवर ढोलाचा ठोका पायांतून कळतो, सिमेंटवर कळत नाही, म्हणून सरावाला फळ्या मागवल्या.

ढोल-ताशाचा आवाज ज्यांना सोसत नाही अशांसाठी, विशेषतः स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी, एक शांत खोली उघडी ठेवा आणि रोजचा क्रम बदलू नका. आधी पोहे मग तालीम, तर तसंच.

निवेदकाला मात्र आधी बजावा. "देवाने एक हिरावलं पण..." असं काही तोंडातून निघालं तर माइक काढून घ्या. नाव आणि भूमिका, बस्स.

यंदा ताईला मुख्य भूमिका हवी होती. तिच्यापेक्षा दुसरीने चांगलं वाचलं, म्हणून हिला चार वाक्यांची शेजारीण दिली. ती माझ्यावर रागावली आहे, पण तालमीला वेळेवर येते.