माघ-फाल्गुनातले ग्वाल्हेर : नव्याने आलेल्यांसाठी हवामानाविषयी

महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त किंवा लग्न होऊन ग्वाल्हेरला आलेल्यांना इथला पहिला माघ-फाल्गुन हमखास चकवतो. कारण संक्रांत उलटली की थंडी ओसरते आणि जूनपर्यंत पावसाची चिंता नसते, हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. इथल्या फेब्रुवारी-मार्चचे हवामान ठरते ते हिमालयाच्या बाजूला. भूमध्य समुद्राकडून निघालेल्या आणि वातावरणाच्या वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून येणाऱ्या प्रणाली, ज्यांना इथली वर्तमानपत्रे ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात, त्या काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडात बर्फ पाडतात. त्याच सुमारास राजस्थानवर वारे चक्राकार फिरू लागले आणि त्यांना अरबी समुद्राचा ओलावा मिळाला, तर ग्वाल्हेर-चंबळ भागात वीज, पाऊस आणि कधी गारा ठरलेल्या. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटर उंचीवर असल्यामुळे बर्फ काही पडत नाही, पण पहाडांत हिमवृष्टी झाल्याची बातमी आपलीच समजून वाचावी.

वाऱ्याची दिशा ओळखायला शिकलात, तर निम्मे काम झाले. पुरवाई, म्हणजे पूर्वेचा वारा, सुरू झाली की हवा दमट होते, ढग येतात आणि रात्र उलट उबदार वाटते. याच रात्री नवखे लोक रजया गुंडाळून माळ्यावर टाकतात. खरी थंडी पाऊस उघडल्यावर येते. आकाश निरभ्र होते, वायव्येकडचा कोरडा पछुवा सुटतो आणि रात्रीचा पारा झपाट्याने उतरतो. म्हणून निदान रंगपंचमीपर्यंत एक रजई आणि मुलांचे स्वेटर हाताशी असू द्यावेत.

शहराच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातील जुन्या मराठी घरांत गच्चीवरची वाळवणे अजूनही होतात. कुरडईचा गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो आणि चौथ्या दिवशी कडक ऊन हवे. तेव्हा गहू भिजवण्याआधीच पुढच्या पाच दिवसांचा अंदाज पाहावा, आंबूस झालेला चीक पावसात घेऊन बसण्याची वेळ येऊ नये. वादळी वाऱ्याचा इशारा असेल, तर गच्चीवरचे सुटे पत्रे, कुंड्या आणि पाण्याच्या टाकीचे झाकण आधी पक्के करावे. खिडकीबाहेरच्या कूलरची मागची जाळीसुद्धा तपासावी, ती वाऱ्याने निघून खालच्या गल्लीत पडते.

अंदाजासाठी भोपाळच्या हवामान केंद्राची जिल्हानिहाय सूचना पुरेशी आहे. पिवळ्या रंगाचा अर्थ लक्ष ठेवा, नारिंगीचा तयारीत राहा आणि लाल रंगाचा तातडीने कृती करा, असा घ्यावा. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलमध्ये असू द्यावे. मोबाइलवरील इतर ॲप्स दाखवतात ती पावसाच्या शक्यतेची टक्केवारी मी फारशी मनावर घेत नाही.

आणखी एक गोष्ट शेजाऱ्यांशी बोलताना ध्यानात ठेवावी. पौषातली मावठ, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, गव्हाला मानवते, म्हणून तिचे कौतुक होते. मार्चमध्ये मात्र मुरैना-भिंडकडची मोहरी काढणीला आलेली असते आणि वाऱ्या-पावसाने भरल्या ओंबीचा गहू आडवा होतो. इथल्या अनेक कुटुंबांची शेती गावाकडे आहे, त्यामुळे त्या दिवसांत ‘काय छान गारवा पडलाय’ असे दारात उभे राहून म्हणू नये. आधी गावाकडे गारा पडल्या का, ते विचारावे.