भांग, चोथा आणि घरचा कुत्रा: या चुका टाळा

महाशिवरात्रीपासून रंगपंचमीच्या गेरपर्यंत (रंगांच्या मिरवणुकीपर्यंत) इंदूरात कुठे ना कुठे भांग घोटली जातेच. ठंडाई गाळून फडक्यातला चोथा मागच्या अंगणात फेकणं, ही पहिली चूक. गाळल्याने सगळा अंमल खाली उतरत नाही, बराचसा चोथ्यातच राहतो. वर दूध, साखर, बदामाचा वास. घरचा कुत्रा तो चाटूनपुसून खातो, गल्लीतली गाय तोंड घालते, खारीही येतात. चोथा बांधून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि थेट कचरागाडीत ओल्या कचऱ्यात टाका. भांगेच्या बर्फीत मनुका किंवा चॉकलेट असेल तर धोका दुहेरी, कारण कुत्र्याला ही दोन्ही स्वतंत्रपणेही विषारीच.

खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते दीड तासात लक्षणं दिसतात. मागचे पाय लटपटतात. बसल्या बसल्या डोकं खाली जातं, मग एकदम झटका देऊन वर येतं. हात जवळ नेला की दचकतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि लघवी थेंब थेंब गळत राहते. "चढली बघा याला" म्हणत व्हिडिओ काढणारे इथे कमी नाहीत. तोवर जनावराचं अंग गार पडत असतं, ठोके मंदावत असतात.

मग सुरू होतात घरगुती उतारे. तूप-दूध नको: भांगेतला टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, चरबीत विरघळतो, त्यामुळे उलट जास्त अंगात भिनतो. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं तर फारच वाईट. रक्तातलं सोडियम भलतंच वाढतं, आणि गुंगीतल्या कुत्र्याची उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. लिंबू-लोणच्याचाही उपयोग नाही.

सगळ्यात महागात पडते ती लपवाछपवी. डॉक्टरांना "काय खाल्लं माहीत नाही" सांगितलं की ते कीटकनाशक, उंदराचं औषध, मेंदूचा आजार असं एकेक तपासत बसतात. माणसांची लघवी-चाचणीची पट्टी कुत्र्यात बरेचदा खोटी 'निगेटिव्ह' येते, तेव्हा तुमचं सांगणंच खरी तपासणी. बरं, लाज कसली? आपल्या मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत, आणि डॉक्टर काही पोलीस नव्हेत. काय, किती, किती वाजता, एवढं सरळ सांगा.

याला उतारा असं औषध नाही. सलाईन, ऊब आणि लवकर नेलं तर कोळशाचं औषध, यावर बहुतेक कुत्रे दिवसभरात सावरतात. जास्त खाल्लं असेल तर तीन दिवसही लागतात. घरी आणल्यावर अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा, जिन्यापासून लांब. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही.