शरण आलेल्या शत्रूचं काय करायचं? एनसीसीच्या मुलांसाठी दीड तासाचा सराव

आधी जागेचं बघू. हा सराव पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा हनुमान टेकडीवर घेऊ नका. सकाळी सहाला लाकडी रायफली घेतलेली पोरं झाडीतून सरकताना दिसली, की फिरायला आलेले काका ११२ ला फोन लावणारच, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही. कॉलेजचं मैदान घ्या. ६० बाय ३० मीटरचा तुकडा फक्कीने आखा, मधोमध एक रेघ मारा. पुढचा अर्धा भाग रणांगण, मागचा अर्धा पिछाडी.

मुलं १६ हवीत: ६ पकडणारे, ६ शत्रू, २ जखमी (एक आपला, एक त्यांचा) आणि २ पंच. सामान: १२ लाकडी रायफली, एक पांढरा रुमाल, शिट्टी, दोन टूर्निके (रक्त थांबवायला आवळून बांधायचे पट्टे), कैद्यांच्या वस्तूंसाठी जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि दोरीवाले पुठ्ठ्याचे टॅग. टॅग अप्पा बळवंत चौकात मिळतात, ५० घेऊन ठेवा. लिहायला साधं बॉलपेन. जेलपेनचं लिहिलेलं घामाच्या हाताने पुसलं जातं. मोबाइल सुरुवातीलाच सगळ्यांचे गोळा करा. त्याचं कारण पुढे येईल.

वर्गात नियम वाचून दाखवले की मुलं माना डोलावतात. प्रत्यक्षात हा निर्णय दहा सेकंदांत घ्यायचा असतो आणि तो घेणारा माणूस दमलेला, चिडलेला असतो. त्याचा मित्र नुकताच समोर पडलेला असतो. अशा वेळी दयाबुद्धी जागी होईल या भरवशावर राहता येत नाही, हाताला सवय लागलेली असावी लागते. म्हणून मैदान.

पहिली १५ मिनिटं शरणागतीची. शत्रूपैकी तिघं हात वर करून उठतात, एकाच्या हातात रुमाल. बाकीच्या तिघांपैकी एकाला पंचाने आधीच कानात सांगून ठेवायचं की तू गोळीबार चालू ठेव, दुसऱ्याला सांगायचं की तू पळ. तिसरा नुसता पडून राहतो. इथे दोन प्रकारची मुलं चुकतात. काही जण रुमाल दिसला की सगळं संपलं समजून उभे राहतात आणि चौथ्याच्या गोळीला बळी पडतात. काही जण त्या चौथ्याचा राग हात वर केलेल्या तिघांवर काढतात. शरणागती माणसागणिक मोजायची. ज्याने शस्त्र टाकलं तो लढाईतून बाहेर. ज्याने टाकलं नाही तो अजून शत्रू, आणि पळणारा म्हणजे शरण आलेला नव्हे. जखमी असूनही गोळ्या झाडणाऱ्याला संरक्षण नाही. हात थांबला की त्या क्षणापासून आहे. पडून राहिलेल्याकडे सावधपणे जायचं, पण मेल्याची खात्री करायला म्हणून गोळी घालायची नाही.

आपण आडोसा सोडायचा नाही, त्यांना आपल्याकडे बोलवायचं, एकेकाला. 'हथियार नीचे, हाथ ऊपर, चलके आओ' हे हिंदीत, मोठ्याने, एकाच माणसाने. सहा जण सहा आज्ञा ओरडले तर समोरचा गोंधळून हात खाली घेतो आणि कुणीतरी घाबरून ट्रिगर ओढतो. गोळीबार थांबवायचा इशारा आपल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला का, हे पंचाने मुद्दाम तपासावं. दर वेळी टोकाचा एक जण 'मला ऐकूच आलं नाही' म्हणतो. शरण आलेली माणसं अशानेही मारली जातात.

मग झडती आणि टॅग, २० मिनिटं. झडती जोडीने. एक जण तिरक्या कोनात उभा राहून रायफल रोखून धरतो, दुसरा आपली रायफल या पहिल्या जोडीदाराजवळ ठेवून झडती घेतो. झडती घेणारा कधीही कैदी आणि रायफल यांच्या मधे येता कामा नये. पहिल्या फेरीत तो येतोच, तेव्हा शिट्टी वाजवा आणि सगळ्यांना जागच्या जागी थांबवून ती रेषा दाखवा.

काढून घ्यायचं ते शस्त्र, दारूगोळा, नकाशे, लष्करी कागद. हेल्मेट राहतं, ओळखपत्र राहतं, अंगठी आणि बायकोमुलांचा फोटोही राहतो. पैसे काढायचे तर अधिकाऱ्याच्या हुकुमाने आणि पावती देऊन. घड्याळ 'आठवण म्हणून' खिशात टाकणारा एक जण निघतोच. त्याला सगळ्यांसमोर परत करायला लावा.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार कैद्याने सांगायच्या गोष्टी चारच: नाव, हुद्दा, नंबर, जन्मतारीख. पुढचं सांगितलं नाही म्हणून पाणी तोडणं, उन्हात उभं करणं, शिव्या घालणं, काही चालत नाही. टॅगवर या चार गोष्टी, शिवाय पकडल्याची तारीख, वेळ, जागा, पकडणारी तुकडी, जखमा, आणि पिशवीत काय काय आहे. एक टॅग कैद्याच्या गळ्यात, एक पिशवीला, एक आपल्याकडे.

हा भाग मुलांना कारकुनी वाटतो. त्यांना पानिपतानंतरची गोष्ट सांगा. मराठा सरदार जनकोजी शिंदे जखमी होऊन अब्दालीच्या बरखुरदार खान या सरदाराच्या ताब्यात होते आणि पैसे घेऊन त्यांना सोडायची बोलणी गुपचूप चालली होती. अब्दालीला कुणकुण लागली, छावणीची झडती निघाली, आणि पुरावा नको म्हणून खानाने त्यांना मारून पुरून टाकलं. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने हे लिहून ठेवलं आहे. ज्याची नोंद कुठेच नाही, तो कैदी सगळ्यांत धोक्यात असतो. टॅग लिहिला की तो एका चिडलेल्या माणसाच्या हातात न राहता सरकारच्या ताब्यात जातो, आणि करारातली भाषाही नेमकी तीच आहे.

मोबाइल याचसाठी गोळा केले. कैद्याला तमाशा करून दाखवायचं नाही, हाही करारातला नियम. फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन यांचे रक्ताळलेल्या चेहऱ्याचे व्हिडिओ फिरले, तेव्हा आपण हाच नियम पुढे केला होता. मग आपल्याकडच्या कैद्याबरोबर सेल्फी कशी चालेल?

जखमींसाठी १५ मिनिटं. आपल्या मुलाचं मनगट मोडलंय, तो ओरडतोय. शत्रूच्या मांडीतून रक्त उडतंय, तो गप्प पडलाय. वैद्यकीय मदत करणारा एकच. बहुतेक गट ओरडणाऱ्याकडे धावतात. कुणाला आधी बघायचं हे जखमेवरून ठरतं, गणवेशावरून नाही. मांडीला टूर्निके जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ टॅगवर. सरावात तो नुसता गुंडाळा, जिवंत पायावर आवळू नका.

एक खबरदारी. कैद्याचं काम करणाऱ्यांचे हात बांधू नका, डोळ्यांवर पट्टी नको, आणि दहा मिनिटांनी भूमिका बदला. चांगल्या घरची मुलं पाच मिनिटांत दरडावायला लागतात. ते दिसलं की तिथल्या तिथे शिट्टी.

आता खरा पेच, त्याला अर्धा तास ठेवा. सगळ्यांना गोल बसवा. पाच जणांची गस्त, शत्रूच्या मुलखात आत, रात्र. तिघं शरण आलेत. बरोबर नेता येत नाहीत, सोडले तर दोन तासांत खबर जाईल. काय करायचं?

कुणीतरी हळूच 'संपवायचे' म्हणेल. त्याला झापू नका, विचारा: कोण संपवणार? नाव घे. मग: तुमच्यापैकी कोण बघत उभा राहील? परतल्यावर अहवालात काय लिहाल? इथे बहुतेक वेळा शांतता पसरते. त्यानंतरच नियम सांगा: कैद्याला मारणं कोणत्याही अडचणीत बसत नाही. उरलेले पर्याय म्हणजे शस्त्रं निकामी करून सकाळी सापडतील अशा जागी त्यांना सोडणं आणि आपण वाट बदलणं. किंवा मोहीम आवरती घेणं. दोन्ही महाग आहेत, दोन्हींत आपली माणसं जाऊ शकतात. ते लपवू नका.

१९९९ च्या कारगिल युद्धात पाकिस्तानच्या ताब्यात छळ होऊन मारले गेलेले कॅप्टन सौरभ कालिया यांचं नाव निघेलच, निघायलाच हवं. 'त्यांनी आपल्या माणसांचं काय केलं?' हा प्रश्न टाळलात तर पुढचं कुणी ऐकणार नाही. कैद्यांवर सूड घेण्याची मनाई करारातच आहे, समोरच्याने करार मोडला तरी. आणि त्याच १९९९ च्या युद्धात आपल्या सैन्याने पाकिस्तानी मृतांचं त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केलं. आपले ब्रिगेडियर बाजवा यांनी पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान ('कर्नल' हे त्यांचं नावच) यांच्या मृतदेहाच्या खिशात त्यांच्या शौर्याची चिठ्ठी ठेवली. पुढे पाकिस्तानने शेर खान यांना निशान-ए-हैदर, म्हणजे तिथला सर्वोच्च शौर्यपुरस्कार दिला. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगा, एक सांगून दुसरी गाळू नका.

वरिष्ठानेच मारायचा हुकूम दिला तर? आर्मी ॲक्ट, १९५० मधलं आज्ञाभंगाचं कलम कायदेशीर हुकमापुरतंच आहे. पण ऐन वेळी कलम आठवत नाही, वाक्य आठवतं. म्हणून एक वाक्य पाठ करून घ्या: 'सर, कैद्यांची नोंद झाली आहे, मी त्यांना मागे पाठवतोय.' नकारापेक्षा हे म्हणायला सोपं, आणि वरिष्ठाला माघार घ्यायला वाट राहते. टॅग आधीच लिहिलेला असेल तरच ते खरं ठरतं, म्हणून झडती झाल्या झाल्या टॅग.

शेवटी कैद्यांना पिछाडीच्या रेघेपलीकडे नेऊन पंचाने टॅग आणि माणसं जुळवून बघायची. माणूस कमी भरला तर सराव नापास, बाकी कितीही छान झालेलं असो. १९७१ साली ढाक्यातल्या पाकिस्तानी शरणागतीनंतर सुमारे ९३,००० लोक आपल्या ताब्यात आले, त्यांत नागरिकही होते, आणि शेवटचे एप्रिल १९७४ मध्ये परत गेले. तेवढा काळ प्रत्येकाचं जेवण, औषध आणि पत्र नोंदीवरच चालतं.

साळुंके विहार, वानवडीकडून एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याला बोलवणार असाल तर सरावानंतर बोलवा आणि १५ मिनिटंच द्या. विषय आधी सांगून ठेवा: कैदी मागे कसे पाठवले, किती माणसं अडकली, पाणी कुठून आणलं. नाहीतर ती युद्धकथा होते, आणि मुलांना नेमकी तीच आवडते.