बाराही महिने साथ देणारे टायर निवडताना

टायर बदलायचे ठरल्यावर दुकानात भाव विचारण्याआधी जुन्या टायरच्या बाजूवर कोरलेली अक्षरे लिहून घ्यावीत. १८५/६५ आर १५ ८८ एच असे असेल, तर रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच असतो. ८८ हा आकडा एका टायरवर ५६० किलोपर्यंतचा भार सांगतो, तर एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. आकार तोच ठेवावा आणि सवलत कितीही मोठी असली, तरी भार व वेगाची मर्यादा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये.

महाराष्ट्रात टायरची खरी परीक्षा विदर्भातल्या उन्हाळ्यात आणि घाटातल्या पावसात होते. त्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड मला टिकाऊपणापेक्षाही महत्त्वाची वाटते, आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या रुंद, खोल खाचांचे टायर घ्यावेत असे मी आग्रहाने सांगेन.

आयएसआय चिन्ह पाहावे. निर्मितीची तारीख चार अंकांत असते: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळणारा माल अनेकदा जुना असतो, म्हणून हे अंक स्वतः वाचावेत.

दोनच टायर परवडत असतील, तर नवे मागे लावावेत, कारण ओल्या वळणावर मागची चाके घसरली की गाडी सावरणे फार कठीण जाते. भाव ठरवताना बसवणी, बॅलन्सिंग (चाकाचे वजन सर्व बाजूंनी सारखे करणे) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) यांचा खर्च त्यात धरला आहे का, हे आधीच विचारावे.