ज्वारीच्या संकरांची संयोग क्षमता: लाइन × टेस्टर विश्लेषण कसे करावे

एखादा वाण स्वतः भरघोस पिकतो म्हणून त्याचे संकरही तसेच निघतील असे धरून चालता येत नाही. ते संकर करून, शेतात मोजूनच ठरवावे लागते. स्प्रॅग आणि टाटम यांनी १९४२ साली मक्यावरील कामात या मोजणीची दोन अंगे वेगळी केली. जनकाची त्याच्या सर्व संकरांतील सरासरी कामगिरी ही सामान्य संयोग क्षमता, म्हणजे जीसीए. आणि त्यावरून बांधलेल्या अपेक्षेपेक्षा एखादी जोडी जितकी वर किंवा खाली जाते ती विशिष्ट संयोग क्षमता, म्हणजे एससीए. केम्पथॉर्न यांची १९५७ सालची लाइन × टेस्टर पद्धत, जिच्यात इथे प्रत्येक लाइनचा (मादी जनकाचा) प्रत्येक टेस्टरशी (नर जनकाशी) संकर करतात, ज्वारीला विशेष सोयीची आहे, कारण मादी म्हणून वापरायची ए-लाइन नरवंध्य, म्हणजे जननक्षम पराग न देणारी, असल्याने इवल्या फुलांतले पुंकेसर हाताने काढत बसावे लागत नाही.

नर जनकांची पेरणी दोन-तीन तारखांना विभागून करावी, म्हणजे फुलोरा जुळतो. ए-लाइनच्या कणसावर फुले उमलण्याआधीच कागदी पिशवी चढवावी आणि लेबल पेन्सिलीने लिहावे, कारण दवाने शाई पसरली की कष्टाने केलेला संकर निनावी होतो. पुढच्या हंगामात सर्व संकर आणि सर्व जनक एकाच चाचणीत, यादृच्छिक गट रचनेत, निदान तीन पुनरावृत्त्यांसह पेरावेत. ए-लाइन एकटी दाणे धरत नाही, म्हणून जनकांत तिच्या जागी बी-लाइन, म्हणजे तिचीच दाणे धरणारी जोडीदार लाइन, घ्यावी.

आता गणित. रीत कळावी म्हणून मुद्दाम लहान, काल्पनिक आकडे घेऊ. प्रत्यक्षात जनक याहून बरेच जास्त हवेत. तीन लाइन, दोन टेस्टर, तीन पुनरावृत्त्या आणि प्रति झाड दाण्याचे उत्पादन ग्रॅममध्ये: पहिल्या लाइनचे दोन टेस्टरांशी संकर ६४ व ५२, दुसरीचे ५४ व ५४, तिसरीचे ५३ व ४७. एकूण सरासरी ५४ येते. लाइनच्या सरासरीतून ती वजा केली की लाइनचे जीसीए +४, ० आणि −४ मिळतात, आणि टेस्टरांचे +३ व −३. संकराच्या सरासरीतून एकूण सरासरी आणि दोन्ही जनकांचे जीसीए वजा केले की एससीए उरतो: पहिली लाइन × पहिला टेस्टर म्हणजे ६४ − ५४ − ४ − ३ = +३. प्रत्येक गटातील परिणामांची बेरीज शून्य यायलाच हवी. आली नाही तर पुढे न जाता आधी चूक शोधावी.

अनेक विद्यार्थी इथेच घाई करतात. दुसरी लाइन × दुसरा टेस्टर याचाही एससीए +३ आहे, पण उत्पादन अवघे ५४. दुबळ्या टेस्टरकडून जेवढी अपेक्षा होती त्याहून ती जोडी सरस ठरली, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. म्हणून केवळ एससीए पाहून संकर निवडू नये. सरासरी उत्पादन शेजारी ठेवूनच तो वाचावा.

शिवाय +३ हा फरक खरा आहे का, तेही तपासावे लागते. विचरण विश्लेषणात, म्हणजे एकूण फरक कारणांनुसार वाटून पाहण्याच्या रीतीत, संकरांचे ५ स्वातंत्र्यांश (स्वतंत्र तुलनांची संख्या) लाइन २, टेस्टर १ आणि लाइन × टेस्टर २ असे विभागले जातात. पाच जनक धरून एकूण नोंदी अकरा, म्हणून त्रुटीचे, म्हणजे योगायोगाने येणाऱ्या फरकाचे, (११ − १) × (३ − १) = २०. त्रुटीचा मध्यमान वर्ग १८ आला असे समजा. लाइनच्या जीसीएची प्रमाण त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) काढताना १८ ला पुनरावृत्त्या गुणिले टेस्टर, म्हणजे ६ ने भागून वर्गमूळ घ्यावे: १.७३. टेस्टरसाठी पुनरावृत्त्या गुणिले लाइन, म्हणजे ९ ने भागून १.४१, आणि एससीएसाठी रूढ सूत्रानुसार पुनरावृत्त्यांनी, म्हणजे ३ ने भागून २.४५. पाच टक्के पातळीवर २० स्वातंत्र्यांशांचे टी-मूल्य २.०९ असल्याने लाइनला ३.६, टेस्टरला २.९५ आणि एससीएला ५.१ ओलांडावे लागते. पहिली लाइन व पहिला टेस्टर उत्तम सामान्य संयोजक ठरतात. एससीएचा +३ मात्र टिकत नाही.

हेच विश्लेषण आर या संख्याशास्त्रीय संगणक प्रणालीतील ॲग्रिकोले पॅकेजने क्षणात होते, तरी एक तक्ता हाताने सोडवल्याशिवाय त्यातले आकडे वाचता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. चिन्हाचा अर्थही गुणधर्मानुसार बदलतो: लवकर येणारा संकर हवा असेल तर ५० टक्के फुलोऱ्याच्या दिवसांसाठी ऋण जीसीए असलेला जनकच निवडावा.